'सुत्ताले' : एका दुर्बोध शब्दाचा अर्थ आणि त्याची साक्ष

१. प्रास्ताविक

प्राचीन मराठीच्या अध्यापनात श्रवणबेळगोळ येथील लेखाचा उल्लेख बहुधा पहिल्याच तासिकेला येतो. 'श्री चावुण्डराजें करवियलें' ही त्यातील पहिली ओळ पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. तिच्या सोबतीची 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले' ही दुसरी ओळ मात्र पहिलीची पुरवणी म्हणून सांगितली जाते आणि तीत आलेल्या 'सुत्ताले' या शब्दाचा अर्थ एका कंसात उरकला जातो. वस्तुतः त्या लेखाच्या काळाचा, त्याच्या भाषेचा आणि मराठीच्या इतिहासातील त्याच्या स्थानाचा सगळा वाद ज्या बिंदूपाशी येऊन थांबतो, तो बिंदू म्हणजे हाच शब्द होय.

प्रस्तुत लेखात 'सुत्ताले' या शब्दाचा अर्थ कोणत्या पुराव्याने निश्चित होतो, तो निश्चित झाल्यावर लेखाच्या काळाविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, याचा विचार करावयाचा आहे. त्या ओघात दुर्बोध शब्दाचा अर्थ लावण्याच्या पद्धतीचीही चर्चा होईल. त्यासाठी पश्चिम आशियातील लिडियन या लुप्त भाषेचे उदाहरण तुलनेस घेतले आहे. कारण आपल्यापुढील प्रश्न आणि त्या भाषेच्या अभ्यासकांपुढील प्रश्न जातीने एकच आहे : ज्या शब्दाला आजच्या भाषेत वारस उरला नाही, त्याचा अर्थ कोणाला विचारावयाचा?

२. लेखाचे स्वरूप

श्रवणबेळगोळ हे कर्नाटकातील हासन जिल्ह्यातील जैन क्षेत्र. तेथील विंध्यगिरीवर गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. गंग राजा राचमल्ल याचा मंत्री व सेनापती चामुण्डराय याने ती घडविली. इ.स. ९८१ च्या सुमारास तिची प्रतिष्ठापना झाली, असे सामान्यतः मानले जाते. मूर्तीच्या पायांशी दोन्ही बाजूंस काही लहान लेख कोरलेले आहेत. त्यांत चामुण्डरायाच्या कर्तृत्वाची नोंद तीन भाषांत आढळते. कन्नडात 'श्री चामुण्डराजं माडिसिदं', तमिळमध्ये 'श्री चामुण्डराजन् शेय्वित्तान्' आणि नागरी लिपीतील मराठीत 'श्री चावुण्डराजें करवियलें'. तिन्ही वाक्यांचा आशय एकच : चामुण्डराजाने करविले. याखेरीज गंगराजाविषयीची नोंद कन्नडात आणि मराठीत आहे. मराठी नोंद म्हणजेच 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले'.

दोन्ही मराठी वाक्यांची रचना पाहण्याजोगी आहे. 'चावुण्डराजें' आणि 'गंगराजे' ही तृतीयेची रूपे आहेत. 'करवियले' हे 'करणे' या धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झालेले भूतकालवाचक रूप असून ते कर्त्याशी नव्हे, कर्माशी जुळते. म्हणजे आजच्या मराठीतील कर्मणी प्रयोग येथे पूर्ण स्वरूपात उभा आहे. पहिल्या वाक्यात कर्म उच्चारलेले नाही. ते उच्चारण्याची आवश्यकताही नव्हती, कारण अक्षरे मूर्तीच्या पायांशीच आहेत आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर जे उभे आहे तेच कर्म होय. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्म शब्दाने सांगावे लागले. यावरून एवढे निश्चित होते की गंगराजाने जे करविले ते मूर्तीहून वेगळे काही होते. त्या वस्तूचे नाव 'सुत्ताले'.

येथपर्यंत केवळ व्याकरणाच्या आधारे पोहोचता येते. शब्द नाम आहे, तो कर्माच्या स्थानी आहे आणि 'करविता' येण्याजोग्या वस्तूचा वाचक आहे. ती वस्तू कोणती, हे व्याकरण सांगू शकत नाही.

३. सादृश्याचा मोह

अशा ठिकाणी अभ्यासकाचे मन प्रथम परिचित शब्दांकडे धाव घेते. 'सुत्त' हा प्राकृतात सर्वपरिचित शब्द आहे. संस्कृत 'सूत्र' आणि 'सुप्त' हे दोन्ही शब्द ध्वनिपरिवर्तनाने प्राकृतात 'सुत्त' या एकाच रूपास येतात. जैन आगमग्रंथांच्या संदर्भात तर 'सुत्त' म्हणजे सूत्रग्रंथ, हा अर्थ प्रथमच सुचतो. त्याला 'आलय' जोडले की 'सुत्तालय' म्हणजे सूत्रग्रंथांचे आलय, ग्रंथभांडार, असा अर्थ सहज निघतो. स्थळ जैन, करविणारा जैन, ध्वनिनियम निर्दोष आणि अर्थ प्रसंगोचित! एखाद्या प्रबंधात हा अर्थ दिला गेला तर परीक्षकाच्या लेखणीला तेथे थांबण्याचे कारणही दिसू नये.

तरीही हा अर्थ चुकीचा आहे. तो चुकीचा ठरतो तो ध्वनिनियमाच्या आधारे नव्हे, तर बाहेरच्या साक्षीमुळे. ही गोष्ट अभ्यासकाने मनावर बिंबवून घेण्यासारखी आहे. ध्वनिसादृश्य आणि नियमबद्ध परिवर्तन यांच्या बळावर शब्दाची एखादी व्युत्पत्ती संभाव्य ठरते. खरी ठरत नाही. एका रूपाच्या दोन-तीन निर्दोष व्युत्पत्त्या संभवतात, तेव्हा त्यांतील निवड करण्याचे सामर्थ्य व्युत्पत्तिशास्त्राजवळ नसते. मराठीत व्युत्पत्तीची परंपरा मोठी आहे आणि तिचे ऋणही मोठे आहे. पण शब्द संस्कृतापर्यंत नेऊन पोहोचविला की अर्थ सिद्ध झाला, ही समजूत त्याच परंपरेतून रूढ झाली आहे. 'सुत्ताले' हा शब्द त्या समजुतीस उत्तम उतारा होय.

४. तीन साक्षी

पहिली साक्ष शेजारच्या कन्नड वाक्याची. मराठीत जेथे 'सुत्ताले करवियले' आहे, तेथे कन्नडात 'सुत्तालयवं माडिसिद' असे शब्द आहेत. म्हणजे मराठी शब्द ज्याचे रूपांतर आहे, तो 'सुत्तालय' हा शब्द कन्नड वाक्यात आपल्या मूळ स्वरूपात मिळतो. कन्नडात 'सुत्तु' या धातूचा अर्थ वेढणे, गुंडाळणे, भोवती फिरणे असा आहे. आजच्या बोलीतील 'सुत्तमुत्त' म्हणजे आसपास, सभोवार. तमिळमधील सजातीय धातूही याच अर्थाचा आहे, तेव्हा हा शब्द द्राविड भाषांच्या जुन्या संचितातील ठरतो. त्याला संस्कृत 'आलय' जोडून 'सुत्तालय' हा शब्द बनला. अर्थ स्पष्ट आहे : भोवतालची वास्तू, वेढून असलेले बांधकाम, मराठीच्या परिचित शब्दांत सांगावयाचे तर ओवऱ्यांसह प्राकार.

एका भाषेचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या भाषेचा उत्तरार्ध असा समास पाहून विद्यार्थी कधी कधी बिचकतात. पण असे शब्द आपल्या दारातच आहेत. छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीच्या औरंगाबादेतील) उस्मानपुरा या वस्तीचे नाव घ्यावे. 'उस्मान' हे अरबी व्यक्तिनाम आणि 'पुरा' हे संस्कृत 'पुर' शब्दाचे लोकभाषेतील रूप. या नावाचा उच्चार करताना दोन भाषांचा सांधा कोणाला जाणवत नाही आणि वस्तीचे नाव म्हणून ते अखंड शब्दच आहे. कल्पना करावी की सातशे वर्षांनी हे नाव एका फुटक्या शिळेवर कोणास सापडले आणि वाचणाऱ्यास केवळ संस्कृत येत आहे. उत्तरार्ध त्यास लगेच कळेल आणि त्या यशाच्या भरात पूर्वार्धही तो संस्कृतातच शोधू लागेल. 'सुत्तालय' शब्दात 'आलय' ओळखीचे निघाले की 'सुत्त' प्राकृतात शोधण्याचा मोह होतो, तो याच जातीचा.

दुसरी साक्ष गंगराजाच्या चरित्राची. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. त्याची प्रशस्ती श्रवणबेळगोळच्याच इ.स. १११८ च्या सुमाराच्या कन्नड लेखात आली आहे. गंगवाडीतील जैन बसदींचा त्याने जीर्णोद्धार केला आणि गोमटदेवासाठी 'सुत्तालय' करविले, असे तेथे सांगितले आहे. एकाच व्यक्तीचे तेच कार्य त्याच शब्दाने स्वतंत्रपणे नोंदलेले मिळणे, हे अर्थनिश्चितीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

तिसरी साक्ष प्रत्यक्ष वास्तूची. मूर्तीच्या भोवती आजही प्राकार असून त्यातील ओवऱ्यांत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवितो ती वस्तू शब्दापासून काही पावलांवर उभी आहे. ग्रंथभांडाराची कल्पना येथे आपोआप गळून पडते.

या तीन साक्षी परस्परांवर अवलंबून नाहीत. कन्नड वाक्य नष्ट झाले असते तरी प्रशस्ती उरली असती. दोन्ही नष्ट झाली असती तरी वास्तू उरली असती. अर्थ 'निश्चित झाला' असे म्हणण्याचा अधिकार अभ्यासकाला मिळतो तो अशा परस्परनिरपेक्ष साक्षी एकवटल्या म्हणजेच.

५. सार्डिसचा द्विभाषिक लेख

द्विभाषिक लेखाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा विचार करण्यास लिडियन भाषेचे उदाहरण उपयोगी पडते. लिडिया हे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील प्राचीन राज्य आणि सार्डिस ही त्याची राजधानी. इ.स. पूर्व सहाव्या शतकाच्या मध्यास इराणच्या सायरसने क्रीसस राजाचा पराभव करून ते जिंकले. पुढे लिडियन भाषाही लुप्त झाली. तिचे शंभराहून थोडे अधिक लेख आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील पुष्कळसे थडग्यांवरील आहेत.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे हॉवर्ड क्रॉस्बी बटलर यांच्या नेतृत्वाखाली १९१० मध्ये सार्डिस येथे उत्खनन सुरू झाले. १९१२ मध्ये तेथे लिडियन व अरामी अशा दोन भाषांतील एक स्मारकलेख मिळाला. एन्नो लिटमान यांनी तो १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. अरामी ही इराणी साम्राज्याच्या कारभाराची भाषा आणि विद्वानांना ती उत्तम अवगत होती. या एका लेखाने लिडियन भाषेचे दार उघडले. लेखाच्या अखेरीस शाप आहे. स्मारकाची नासधूस करणाऱ्याचे अंगण, घर, माती, पाणी आणि मालमत्ता यांचा आर्टेमिस देवीने नाश करावा, असा त्याचा आशय. अरामी शाप वाचून त्याच क्रमाने लिडियन शब्दांवर बोट ठेवीत गेले असता घर, पाणी, जमीन अशा नित्याच्या शब्दांचे अर्थ हाती आले.

पण त्याच लेखात 'लक्रिसा' असा एक शब्द आहे. स्मारकशिला आणि थडगे यांच्यापाठोपाठ तो येतो. तेव्हा यादीतील स्थान स्पष्ट आहे. तथापि त्याच्याशी जुळविला जाणारा अरामी शब्द स्वतःच उसना व वादग्रस्त आहे. तो इराणी असून त्याचा अर्थ 'झाडे' असा घेतला जातो. लिडियन बाजूस मात्र तो अर्थ सुखाने बसत नाही. परिणामी थडग्याच्या बांधणीतील एखादा भाग येथपासून शिळेवर कोरलेला मजकूर येथपर्यंत त्या शब्दाचे निरनिराळे अर्थ सुचविले गेले आहेत. द्विभाषिक लेख समोर असूनही शब्द दुर्बोध राहिला.

या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. दोन भाषांतील लेख शेजारी असले तरी एक वाक्य दुसऱ्याचे शब्दशः भाषांतर असेलच असे नाही. तसेच, परिचित भाषेतील शब्दही परक्या मुळाचा असेल तर त्याची साक्ष दुबळी होते. 'सुत्ताले'च्या बाबतीत या दोन्ही अडचणी उद्भवत नाहीत. कन्नड व मराठी वाक्ये पदास पद अशी जुळतात आणि 'सुत्तालय' हा शब्द कन्नडात उपरा नाही. उलट मराठीतच तो उसना आहे. दुर्बोधतेचे कारणही तेच. सार्डिसला 'लक्रिसा' दुर्बोध राहिला आणि श्रवणबेळगोळला 'सुत्ताले' सुबोध झाला, याचे श्रेय आपल्या बुद्धिमत्तेपेक्षा साक्षींच्या प्रतीला अधिक आहे.

६. अर्थाकडून काळाकडे

अर्थ ठरला की काळाचा प्रश्न उभा राहतो. बहुसंख्य पाठ्यपुस्तकांतून हा लेख शके ९०५ म्हणजे इ.स. ९८३ चा आणि म्हणून मराठीचा आद्य कोरीव लेख असे सांगितले जात असे. काही ठिकाणी अजूनही सांगितले जाते. या विधानाचा आधार पहिल्या ओळीतील चामुण्डरायाचे नाव हाच आहे. परंतु दुसरी ओळ गंगराजाने सुत्तालय करविल्याचे सांगते. ही घटना इ.स. १११७ च्या सुमाराची. तेव्हा दुसरी ओळ त्यापूर्वीची असणे शक्य नाही. ग्रंथभांडार, दालन किंवा अन्य काही अर्थ घेतला असता तर एवढी नेमकी कालमर्यादा मिळाली नसती. वास्तू ओळखली गेली म्हणून तिचा काळ कळला आणि वास्तूचा काळ कळला म्हणून ओळीचा काळ कळला.

आता प्रश्न पहिल्या ओळीचा. येथे तर्काची पायरी काळजीपूर्वक टाकली पाहिजे. 'सुत्ताले' हा शब्द पहिल्या ओळीविषयी प्रत्यक्षतः काहीच सांगत नाही. दोन्ही मराठी ओळींचे अक्षरवळण एकाच काळातील दिसते, दोहोंतील क्रियारूप एकच आहे आणि वाक्यरचनाही एकाच साच्यातील आहे, या निरीक्षणांवरून पहिली ओळही गंगराजाच्याच काळात कोरली गेली असावी असे अनुमान निघते. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने कोरलेल्या दोन ओळींत लिपीचे वळण इतके सारखे राहणे संभवनीय नाही, हा त्या अनुमानाचा गाभा. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात मराठी लेखांची कालानुक्रमे मांडणी केली, तेव्हा आद्यत्वाचा मान रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ च्या लेखाकडे गेला. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा लेखही पुढे अभ्यासकांसमोर आला. श्रवणबेळगोळचा लेख बाराव्या शतकात उतरल्याने हे दोन्ही लेख त्याच्या आधीचे ठरतात.

'चावुण्ड' या रूपावरून पहिल्या ओळीचे प्राचीनत्व सिद्ध करण्याचा प्रयत्नही तपासून पाहिला पाहिजे. संस्कृत 'ग्राम', 'नाम' यांपासून मराठीत 'गाव', 'नाव' झाले, तसेच 'चामुण्ड'पासून 'चावुण्ड' झाले, हे खरे. पण 'म'चा 'व' होण्याची ही प्रवृत्ती प्राकृत-अपभ्रंशापासूनची असून ती कोणत्याही एका शतकाची खूण नव्हे. शिवाय हे नाव कन्नड परंपरेतही 'चावुण्डराय' असे आढळते. यास्तव या रूपावरून काळ ठरविता येत नाही.

या कालनिश्चितीमुळे काहींना काही गमावल्यासारखे वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिल्यानंतर प्राचीनत्वाच्या पुराव्यांकडे सर्वसामान्य वाचकाचेही लक्ष गेले आहे. अशा वेळी इ.स. ९८३ हा आकडा सोडून देणे जिवावर येणे स्वाभाविक आहे. कोंकणीच्या अभ्यासकांनीही या ओळींवर आपला हक्क सांगितला असल्याने प्रश्न अधिकच भावनिक होतो. परंतु भाषेचा अभिमान आणि भाषेचा इतिहास यांत विरोध येतो असे वाटते, तेव्हा इतिहास नीट वाचला गेलेला नसतो, असाच बहुधा अनुभव आहे.

७. सुत्ताले या शब्दाची खरी साक्ष

कारण हा शब्द काळ पुढे सरकवितो, तसाच तो आणखी काही सांगतो आणि ते आद्यत्वाच्या मानाहून अधिक मोलाचे आहे.

कन्नड 'सुत्तालय' शब्द मराठी वाक्यात येताना जसाच्या तसा आलेला नाही. शेवटचा 'य' लोपून 'सुत्ताले' असे एकारान्त रूप झाले आणि ते 'करवियले' या क्रियारूपाशी जुळले. म्हणजे हे वाक्य रचणाऱ्याने परका शब्द अवतरणासारखा बाजूला ठेवला नाही. त्याने तो मराठी नामाप्रमाणे चालविला. उसना शब्द पचविण्याची ही शक्ती जिवंत आणि स्थिर व्याकरण असलेल्या भाषेतच असते. 'तूप' आणि 'अडकित्ता' हे कन्नडातून आलेले शब्द आज मराठी माणसास परके वाटत नाहीत. तीच प्रक्रिया येथे बाराव्या शतकात दगडावर कोरलेली दिसते. त्या शब्दांस मराठीत वारस राहिला, 'सुत्ताले'ला राहिला नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट भाषेच्या स्थानाविषयीची. सार्डिसच्या लेखात अरामी होती, कारण ती राज्यकर्त्यांच्या कारभाराची भाषा होती. श्रवणबेळगोळ येथे मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा नव्हती. गंगांची नव्हती आणि होयसळांचीही नव्हती. तरीही ती कन्नड आणि तमिळ यांच्या बरोबरीने मूर्तीच्या पायांशी कोरली गेली. तिचे प्रयोजन कारभाराचे नसून वाचकाचे असले पाहिजे. मराठी भाषा बोलणारे यात्रिक त्या टेकडीवर येत असावेत आणि त्यांना वाचता यावे म्हणून ती ओळ घातली गेली असावी, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते. राजसत्तेचा आधार नसताना परप्रांतात एखाद्या भाषेची दखल घेतली जाणे, ही त्या भाषेच्या लोकव्यवहारातील प्रतिष्ठेची खूण आहे.

८. द्विभाषिक लेख नसेल तेव्हा

शेजारी कन्नड वाक्य असण्याचे भाग्य प्रत्येक शब्दाच्या वाट्याला येत नाही. तेव्हा साक्ष अन्यत्र शोधावी लागते. त्याची दोन उदाहरणे येथे पुरेत.

मराठवाड्याच्या सीमेलगत, कन्नड तालुक्याच्या डोंगराखाली चाळीसगावजवळ पाटण हे स्थळ आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठाचा तेथील लेख तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. भाऊ दाजी यांनी तो प्रथम उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृत असून मठास मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत आहे. त्यात 'केणें' हा शब्द येतो. आजच्या वाचकास तो परका वाटतो. परंतु विक्रीचा माल या अर्थाने तो 'ज्ञानेश्वरी'च्या भाषेत आढळतो. बाजारात येणाऱ्या मालावरील कराच्या संदर्भात तोच अर्थ चपखल बसतो. येथे दुसऱ्या भाषेऐवजी त्याच भाषेतील वाङ्मय साक्षीस उभे राहते. शिलालेख आणि ग्रंथ हे दोन वेगळे अभ्यासविषय मानण्याची जी प्रथा आपल्या अभ्यासक्रमांत आहे, तिच्यामुळे अशी साक्ष पुष्कळदा हाती असून निसटते.

दुसरे उदाहरण 'गद्धेगाळ' या शब्दाचे. शिलाहार आणि यादव काळातील दानलेखांच्या शिळांवर चंद्र-सूर्य आणि त्याखाली गाढव व स्त्री यांचे शिल्प आढळते. दान मोडणाऱ्यास उद्देशून ती शापवाणी आहे. आजच्या मराठीत 'गाळ' म्हटले की विहिरीतील गाळ आठवतो आणि शब्दाचा अर्थ हाती लागत नाही. शिल्प पाहिले की लागतो : गाढवाची गाळी, म्हणजे गाढवाची शिवी. येथे चित्र हेच दुसऱ्या भाषेचे काम करते आणि ज्यास अक्षर येत नव्हते त्याच्यासाठी तर तेच मूळ संहिता होते. आजच्या 'शिवीगाळ' या शब्दात हा जुना 'गाळ' टिकून आहे. शब्द लुप्त झाला असे वाटते तेव्हा तो एखाद्या जोडशब्दात दडून राहिलेला असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. सार्डिसच्या शापात घर आणि पाणी येते, कोकणच्या शापात गाढव येते; स्मारक वा दान अबाधित राहावे ही चिंता मात्र दोहोंकडे एकच.

९. समारोप

प्राचीन मराठीतील दुर्बोध शब्दांचा अर्थ लावताना साक्षींचा क्रम कसा असावा, हे वरील विवेचनावरून सूचित होते. प्रथम वाक्यातील स्थान आणि रूप. मग त्याच लेखातील अथवा शेजारच्या लेखातील समांतर पाठ, मग ती दुसरी भाषा असो वा शिल्प. त्यानंतर समकालीन वाङ्मय आणि प्रत्यक्ष स्थळ. व्युत्पत्तीचा क्रमांक सर्वांत शेवटी येतो. अर्थ आधी ठरला की व्युत्पत्ती त्याचा इतिहास उलगडते. व्युत्पत्तीने आधी अर्थ ठरविला की पुढचे सर्व पुरावे त्या अर्थाच्या सोयीने वाचले जातात. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अभ्यासकाजवळ एक भरवशाचे साधन आहे. परंतु कोशातील अर्थ हाही कोणीतरी साक्षी तपासून दिलेला निर्णय असतो, आणि तो कोणत्या साक्षींवर उभा आहे हे पाहण्याची जबाबदारी वाचकाची उरतेच.

मराठवाड्यातील अभ्यासकास या कामी कन्नडचा परिचय असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. यादवपूर्व काळात या प्रदेशावर राष्ट्रकूट आणि कल्याणीचे चालुक्य यांची सत्ता होती आणि त्यांच्या राज्यात कन्नड लेखनाची परंपरा सशक्त होती. पंढरपूरच्या 'चौऱ्याऐंशीच्या लेखा'तही संस्कृत, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा एकत्र नांदतात. केवळ संस्कृत-प्राकृताच्या दिशेने पाहणाऱ्यास जुन्या मराठीतील काही शब्द कायमचे दुर्बोध राहतील. ते शब्द स्वभावतः दुर्बोध नसून आपण त्यांचा अर्थ चुकीच्या शेजाऱ्यास विचारीत असतो. 'सुत्ताले' या शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्याच ओळीत कोरलेला होता. तो वाचण्यासाठी फक्त दुसरी लिपी यावयास हवी होती.